पांढरी गाठ

सेगेडच्या प्रयोगशाळेत, तळमजल्यावर,
एटेल्का तेवीस वर्षं मुळं धुते आहे.
लसूणघासाची ही रानटी चुलतबहीण,
वीतभर उंच, पानावर काळा डाग.
वाळूतून अलगद उपसायची,
तान्ह्याचं जावळ धुवावं तशी पाण्यात हलवायची,
मग भिंगाखाली गाठी मोजायच्या.

निरोगी गाठ चिमट्यात फुटली की आत गुलाबी.
झाडाला रक्त नसतं, असं शाळेत शिकून आलेली ती
पहिल्या दिवशी हात मागे घेऊन बसली होती.

चारशे अकरा नंबरच्या गाठी मात्र पांढऱ्या.
झोंबोर म्हणतो, एका प्रथिनाचा दोष.
चाळीसेक मण्यांची माळ,
त्यात एक मणी भलताच.

जीवाणू येतात, तसे येतात.
मुळाचा केस वाकतो, वाट देतो.
आत हे प्रथिन त्यांना गाठतं,
फुगवतं, लांबवतं,
एकाचे दोन व्हायची खोड मोडतं.
मग ते कुठे जायचे नाहीत.
झाडाच्या साखरेवर राहायचं, हवेतला नत्र पचवून द्यायचा.
घरजावई, दुसरं काय!

आणि प्रथिनच बिघडलं तर?
सुटत असतील बिचारे, असं तिला वाटायचं.
सुटत नाहीत. आत येऊन, तिथंच मरतात.

मार्चपासून झोंबोर तो मणी
पुन्हा जागेवर ओवत होता.
आज बासष्ट गाठी.
एकसष्ट पांढऱ्या.
"पुन्हा मोज," तो म्हणाला. तिनं मोजल्या.
वहीत "१" लिहिला, पेन ठेवलं,
आणि तो एवढा वेळ गप्प राहिला
की नळ ठिबकताना ऐकू आला.

फोटो काढून झाला. मग नियम म्हणजे नियम :
सगळी झाडं वाफेच्या भांड्यात, तीसुद्धा.
बोळभर उकडलेल्या पाल्याचा वास.

संध्याकाळी तिसाच्या बांधाखाली, आपल्या तुकड्यावर,
तिनं वाटाण्याचा वाळका वेल उपटला.
नखानं गाठ फोडली. हिरवट.
वय झालेल्या गाठी अशाच होतात, तिला माहीत आहे.
"काय शोधतेस?" देझोनं विचारलं, पाव कापता कापता.
"काही नाही."
उशिरा पेरलेल्या ओळीत गेली,
अजून फुलं होती तिकडे.
वाकली.

जेवायला बसली तेव्हा
अंगठ्याच्या नखाखाली गुलाबी होतं.
हात धुतले होते तिनं,
पण तो नाही.