ऐकू येतं

एकतीस वर्षं वडगावात माग चालवला.
डावा कान विसाव्या वर्षीच गेला.
उजवा अजून जातोय, सावकाश,
जत्रेतून घरी निघालेल्या पोरासारखा
मागं वळून वळून बघत.

सिव्हिलच्या डॉक्टरनं मशीनची किंमत सांगितली.
ती मात्र नीट ऐकू आली.

लोक माझ्याशी ओरडून बोलतात.
"जेवलास काय?" एवढं विचारलं तरी
मंगाई देवळापर्यंत कळतं, मी जेवलो नाही.
पोरगा पुण्याहून फोन करतो, मी हं हं म्हणतो,
मग नीलव्वा खुणेनं सांगते:
खोकला आहे, पगार झालाय.

वाचनालयात पहिल्यांदा गेलो तो पंख्यासाठी.
मे महिना, आमच्या गल्लीची लाइट गेलेली.
भिंतीवर पाटी. वर कन्नड, खाली मराठी:
शांतता राखा.
पाट्यांवरून अख्ख्या जिल्ह्यात भांडणं,
आणि या एका पाटीवर दोन्ही भाषांचं एकमत.
त्या खोलीत सगळेच माझ्यासारखे.
तासभर कुणी माझ्यावर ओरडलं नाही.

शट्टुप्पा मास्तरांनी पावती फाडली,
हातात दिलं ते पुस्तक बिनकव्हराचं,
पहिली चोवीस पानं वाळवीच्या पोटात.
गोष्ट सुरू झाली ती कुणाच्या तरी भांडणाच्या मध्यात.
मला त्याचं काही वाटलं नाही.
ताण्याचा धागा तुटला की काय करायचं
हे बोटांना माहीत आहे:
दोन टोकं शोधायची, पीळ द्यायचा,
गाठ दिसता कामा नये.

बोट ठेवून वाचतो मी.
ओळ संपली की परत, पुन्हा ओळ,
धोटा जातो-येतो तसा.
आणि कुठल्याशा पानावर एक बाई पाणी शेंदत होती,
रहाट कुरकुरला,
आणि मी मागं बघितलं.
हसू नका.
शेजारी बारा माग चालू होते, ते ऐकू येत नव्हते,
रहाट ऐकू आला.

"काय मिळतंय रे वाचून?" ईराप्पाण्णानं विचारलं.
त्याच्या ओठांवरून कळलं.
मी न कळल्यासारखं केलं, बहिरेपणाचेही फायदे असतात.
काय सांगणार त्याला?
बीपी आहे तेवढंच आहे. गुडघाही तसाच.
झोप लागते, हे खरं.
आधी मागाचा खटका उशीत शिरून बसायचा,
आता तिथं कुणीतरी बोलत असतं, हळू आवाजात,
मला ऐकू येईल इतक्या हळू.

नीलव्वा बैलहोंगलकडची, सातवी कन्नड.
ती पलीकडच्या कपाटातलं आणायला लागली.
रात्री एकाच बल्बखाली दोघं,
तिची लिपी गोल, माझी वरून ओळंब्याला टांगलेली.
माझं कन्नड बसच्या पाट्यांपुरतं:
खानापूर, गोकाक, धारवाड.

एका रात्री तिनं माझं बोट धरलं
आणि तिच्या पुस्तकातल्या एका ओळीखाली ठेवलं.
मी अक्षर अक्षर लावत गेलो,
म. गू. थांबलो. अळलिल्ल.
मगू अळलिल्ल.
बाळ रडलं नाही.

पोराच्या आधीची गोष्ट. श्रावण होता,
मी दुसऱ्या पाळीला होतो.
नंतर मला एवढंच कळलं होतं, की झालं नाही.
तिनं सांगितलं असेल. कितीदा सांगितलं असेल.
पण अशी गोष्ट ओरडून कशी सांगणार
गल्लीभर?

बोट तिथंच राहिलं.
तिनं पान उलटलं नाही, मीही नाही.
लाइट गेली, माग थांबले असतील,
आम्हाला उशिरानं कळलं.

ते पुस्तक आम्ही तेवीस दिवस ठेवलं.
मास्तरांनी तारीख बघितली, काही बोलले नाहीत,
वहीत लिहून माझ्याकडं फिरवलं:
उशीर. दंड दोन रुपये.

भरले.