चुकीचे तीन पर्याय

बरोबर उत्तर लिहायला मिनिटभर पुरतं.
वेळ खातात ते चुकीचे तीन पर्याय:
खरे वाटले पाहिजेत, असता कामा नयेत.
राइनला ते जमतं. बावीस वर्षं
तार्तूतल्या ह्या तिसऱ्या मजल्यावर
तो प्रामाणिकपणे खोटं लिहितो.

समोरच्या टेबलाशी हेल्यो.
पूर्वी ती अळंब्यांची चित्रं काढायची,
खायची कुठली, विषारी कुठली,
फरक देठावरच्या एका कड्याचा.
त्या हिवाळ्यात तिला डेडलॉक काढायचा होता.
दोन थ्रेड, दोन कुलपं, बाण. खोडलं.
मग काढलं एक अरुंद दार,
दारात दोन म्हातारे, टोप्या हातात,
"आधी तुम्ही." "छे, आधी तुम्ही."
बर्फ साचतोय दोघांच्याही बुटांवर.

पुस्तक छापलं. पुढच्या मार्चमध्ये
नवं व्हर्जन आलं, सातवं प्रकरण बाद.
चाळीस चित्रं, म्हातारे धरून.
हेल्यो काही बोलली नाही,
पेन्सिलीला टोक करत राहिली, गरजेपेक्षा जास्त.

शरदात नार्वाहून पत्र आलं.
झिनाइदा, वय चोपन्न, गिरणी बंद पडलेली.
"चार गुणांनी नापास झाले.
पुस्तक ग्रंथालयातलं होतं, जुनं.
दारातल्या दोघांचं पान मी फाडून घेतलंय,
माफ करा. डावीकडचा
हुबेहूब माझा नवरा. तो असाच थांबायचा."

हेल्योनं पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं,
काढलं, परत ठेवलं.
राइन प्रश्न एकशे बारावर.
पर्याय क
अजूनही फारच खरा वाटत होता.