मुकी पट्टी

तू आमच्याकडे अकरा महिने होतास, प्रभात.
संस्थेत दोन प्रभात होते, पहाटे सापडलेले दोघेही.
आमच्या वाट्याला धाकटा आला.

कन्नमवार नगर, दुसरा मजला,
मोरीशेजारी तुझी गादी.
आई पाहुण्यांना सांगायची, "सांभाळायला घेतलाय,"
तेव्हा तू खाली बघत
फरशीतले ठिपके जोडत बसायचास.
घोडा निघायचा. कधी बेस्टची बस.

आजोबांची पेटी माळ्यावर होती,
भाता उंदरांनी खाल्लेला.
तू भाताची खळ करून त्याला वर्तमानपत्र डकवलंस
आणि पाचव्या दिवशी ती श्वास घ्यायला लागली.
एक पट्टी तेवढी बोलेना.
स्वरांची नावं घरात कुणालाच येत नव्हती,
आपण म्हणायचो, मुकी.
तिच्यापाशी आलास की बोट उचलायचास,
झोपलेल्याला ओलांडू नये
म्हणून वळसा घालावा तसं.

माझी पेन्सिल तूच घेतलीस
हे आईला मीच सांगितलं.
नंतर ती दप्तराच्या तळाशी सापडली.
ते सांगायचं राहिलं.

समितीच्या बाई फाईल घेऊन आल्या
तेव्हा तू आधीच चपला घालून बसला होतास.
आई म्हणाली, "थांब, डबा देते."
तू म्हणालास,
"परत कसा करू?"

काल फोर्टातल्या एका गोदामात तुझी चित्रं पाहिली.
कपड्यांची नीळ, गेरू, विटांची भुकटी.
कुणीतरी विचारलं, कुठे शिकलात?
"लोकांच्या घरी," तू म्हणालास, आणि सगळे हसले.
एका चित्रात आमची मोरी होती.
गादी गुंडाळून ठेवलेली.

मग वाजवायला बसलास.
पेटी नवी, सगळ्या पट्ट्या चालू,
तरी त्या जागी
बोट उचललंस.
शेजारचे गृहस्थ मला कुजबुजत म्हणाले,
"हा स्वर टाळणं, ही यांची खास शैली."
मी मान हलवली.

रांगेत उभी राहिले.
तू वर न बघता विचारलंस, नाव काय लिहू?
मी आडनावासकट सांगितलं.
पेन थांबलं.
"पेटी आहे अजून?"
"भंगारात दिली."
"बरं," म्हणालास, आणि लिहायला लागलास.

माझ्या नावातला एक काना
लिहायचा राहिला.
मी दाखवला नाही.