खुर्ची नंबर सतरा

वास्कोच्या मासळीबाजारामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
आमचं थेटर. चौपन्न खुर्च्या.
सतरा नंबरची बसलं की कुरकुरते,
म्हणून ती मी ओळखीच्यांनाच द्यायचो.

हल्ली तिकिटं फाडायची नसतात.
शुक्रवारी रात्री नवे माहितीपट ऑनलाइन चढवायचे :
नाव, लांबी, भाषा, भाडं नव्वद रुपये,
सुरू केला की अठ्ठेचाळीस तास तुमचा.
या खेपेला दोनच. एक, बंद पडलेल्या खनिजाच्या बार्जवर
एकटाच राहणाऱ्या राखणदाराचा.
आणि दुसरा चिखलीच्या खाडीतला,
बावन्न मिनिटं नुसती ओहोटी.

ओहोटीत पेर्पेत वाकलेली.
मांडीपर्यंत चिखल, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट,
पायाच्या बोटांनी तिसऱ्या चाचपते.
मधूनच हाताला लागतो चपटा शिंपला,
पूर्वी खिडक्यांना काचेऐवजी बसवत तो.
उन्हाकडे धरते. पलीकडून तिचाच अंगठा दिसतो,
अंधूक, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
मग परत चिखलात.

पैसे देऊन बघणारे अकरा.
मला नावं दिसत नाहीत, गावं दिसतात :
पुणे, पुणे, सावर्डे, कुवेत,
स्विंडन.
स्विंडनवाला आपल्या पहाटे साडेतीनला येतो.
सिनेमा पुढे जाऊच देत नाही.
तेविसाव्या मिनिटाला थांबतो, मागे जातो,
चाळीस सेकंद, पुन्हा तेच चाळीस.
एकोणीसपर्यंत मोजलं, मग सोडलं;
कुणाच्या दाराच्या फटीतून बघतोय असं वाटायला लागलं.

तरी उघडलंच. काय आहे तिथं?
काही नाही.
पेर्पेत बांधावर बसून पाय धुते,
रंगाच्या रिकाम्या डब्याने.
डावी टाच, मग उजवी.
चढत्या पाण्याला म्हणते, "पुरे रे."
पुढे बगळे.

शनिवारी बाजारात तिला फोनवर दाखवलं.
हात पुसून तिने तो कडांनी धरला, तापल्या तव्यासारखा.
स्वतःकडे पाहिलंच नाही.
"म्हजो पांटलो न्हय तो?
बेर्नादेतने नेलाय दोन वर्षं, आणि म्हणते नेलाच नाही!"
फोनसकट निघालीच होती साक्ष काढायला.

मी म्हटलं, स्विंडनमध्ये कुणीतरी रोज बघतंय.
मापातल्या तिसऱ्या मापातच राहिल्या.
"किती वाजता?"
मी तिथली वेळ सांगितली. रात्रीचे अकरा.
"म्हणजे अजून जेवलेला नसतो."
तिने नाव घेतलं नाही, मीही नाही.
गिऱ्हाईक म्हणालं, बाई, माप भरा.

रविवारी रात्री त्याचे तास संपत आले.
मुदत वाढवायची सोय आहे माझ्याकडे,
फक्त एका चौकटीत कारण लिहावं लागतं,
रिकामी सोडली तर यंत्र पुढे सरकत नाही.
बराच वेळ बसलो. शेजारी बर्फ फोडत होते.
मग लिहिलं :
खुर्ची नंबर सतरा.