मोरीपलीकडे

गोरेवाड्याच्या वाटेला लागलो की
मोरीपाशी लाखी थांबते.
चारही पाय रोवून, कान मागे.
गेल्या उन्हाळ्यात इथंच डंपरनं हॉर्न दिला होता
आणि मी घाबरून लगाम खेचला होता.
तिला दोन्ही आठवतं.

"काहून ओढून राहिली तिले?" निनावेकाका म्हणाले.
"उतर खाली. पायी चाल तिच्यासंगं."

तेव्हापासून खोगीर खुंटीवरच.
नुसता दोर, ढिला,
आणि खिशात संत्र्याची सालं.
पहिल्या दिवशी मोरीच्या अलीकडे पन्नास पावलं.
तिनं गवत खाल्लं, मी घड्याळ काढून ठेवलं.
दुसऱ्या दिवशीही तेवढंच.
तिसऱ्या दिवशी मी रडवेली, ती मजेत.

सागाचं वाळलं पान पायाखाली
पापडासारखं मोडतं.
एकेका पानाला तिनं नाक लावून विचारून घेतलं.
पळस फुलून गेला, मोहाचा वास सुटला,
आम्ही अजून अलीकडेच.
तबेल्यातली पोट्टी हसायची:
घोडी फिरवते का बकरी चारते?

आज खोगीर चढवलं.
मोरी आली. लगाम मी
बोटांत नुसता असू दिला.
ती थांबली, कोरड्या नाल्यात बघत राहिली.
टिटवी ओरडून गेली.
मग तिनंच पाय टाकला,
सिमेंटवर टक्,
बराच वेळानं दुसरा.

पलीकडे जाऊन फुरफुरली,
मान लांबवून चालू लागली,
जणू उशीर मीच केला होता.

काटोल रोडवर लांब कुठंतरी हॉर्न वाजला.
तिचा एक कान तिकडे गेला.
दुसरा माझ्याकडे होता.