ऐकू आलं तर बटण दाबा

येमूल, अंबादास नरसय्या.
तिसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा मी त्यांना कोपर लावलं.

आता काचेच्या खोलीत बाबा बसलेत,
कानांवर हेडफोन, हातात बटण,
पाठ अजून सावधानमधली.
ऐकू आलं तर दाबायचं, एवढंच काम.
बाबा दाबत राहतात.
तपासणारी पोरगी वैतागते,
काका, मी अजून आवाज सोडलाच नाही.
बाबा म्हणतात, येतोय की ओ.

येतोय. नव्व्याण्णवच्या जूनपासून येतोय.
द्रासला तोफेशेजारी उभं राहून
कानात कोंबलेला कापूस तिसऱ्या दिवशी संपला, तेव्हापासून.
ते त्याला शिट्टी म्हणतात.
कुकरची नाही, गाडीची नाही,
श्वास न घेणारी.

बोर्डाने लिहिलं, वीस टक्के.
आजोबांनी तो कागद उलटा करूनही पाहिला.
अडतीस वर्षं मागावर, दोन्ही कान ठार,
त्यांना टक्के कुणी विचारले नव्हते.
ओठ वाचायला त्यांनीच शिकवलं बाबांना,
धोटा धावत असताना कारखान्यात बोलतात तसं,
आधी तेलुगू, मग मराठी.
साहेबाला मिशी असली तर नुसतं हो म्हण, म्हणाले.

पेन्शन बसल्यावर विजापूर रोडला फ्लॅट बघितला.
एजंट म्हणाला, एकदम शांत एरिया.
बाबा तासाभरात परत अशोक चौकात.
शांततेत ती शिट्टी फुगते, भिंतींना लागते.
इथे निदान शेजारी चोवीस माग होते,
रात्रपाळीला खडखडणारे,
आणि बाबा त्या आवाजात शिरून झोपायचे
थंडीत पोरानं चादरीत शिरावं तसे.

दिवाळीनंतर ते माग भंगारात गेले, किलोवर.
टेम्पो भरताना एकदा मोठा आवाज झाला,
बाबा जिन्याखाली सापडले.
बायका म्हणाल्या, सुटलो गं, किती शांत झालं.

आता रात्री अडीच-तीनला स्वयंपाकघरात दिवा लागतो.
बाबा मिक्सर लावतात. रिकामं भांडं.
मी आधी ओरडायचे, मोटर जळेल म्हणून.
हल्ली उठून मूठभर शेंगदाणे टाकते.
शेंगाचटणी इतकी झालीय की गल्लीत वाटतो.

आजोबाही येतात भिंत धरत.
ओट्यावर तळवा टेकवतात,
ती थरथर चाचपत बराच वेळ उभे.
मग नुसते ओठ हलतात: कुठला माल?

बाबा त्यांच्याकडे तोंड करतात,
दिव्याखाली, नीट दिसेल असं,
आणि सावकाश सांगतात,
चादर. साठ-नव्वद.