नमुना ‘क’

पहाटे होमा बेच्या धक्क्यावरून
चाळीस न्गेगे आणले, एकाच मापाचे.
पाकिटातल्या सूचनेत तसंच होतं.
मी प्रयोगशाळेचा मदतनीस;
याच खोलीत रसायनात दोनदा आपटलेला.

दारात बंदूक घेऊन पोलीस, जांभया देत.
आत नऊ ब्युरेट, पाळीपाळीनं वापरायचे,
त्यातलं गळकं नेमकं अवुओरच्या वाट्याला.
ती काही बोलली नाही.
खाली पडलेले थेंब मोजले,
वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरून वजा केले,
आणि गुलाबी रंग उडाला तेव्हाच श्वास सोडला.
याचे गुण नसतात.
उत्तरपत्रिकेत तेवढी जागाच नसते.

खिडकीपाशी ओगुटूचा लंबक.
अठराव्या झोक्याला बाहेर कोंबडा आरवला.
पुन्हा एकपासून.

मग मासा.
“नमुना ‘क’चे निरीक्षण करा.
पोहण्यास उपयोगी अशी तीन वैशिष्ट्ये लिहा.”
बाकीची पोरं शेपटी बघत होती.
अवुओरनं सवयीनं कल्ला उचलला,
बोटानं आतला रंग पाहिला, मग नाकाशी नेलं,
आणि माझ्याकडे बघितलं:
हा आजचा नाही. परवाचा.

मी काय सांगणार?
धक्क्यावर शपथ घेऊन,
वर दोन फुकट टाकून
ताजे म्हणून विकले ते तिच्याच आईनं.

पोरीनं ओठ दाबून हसू गिळलं
आणि लिहायला घेतलं:
एक, शरीर दोन्ही टोकांना निमुळते.